आमच्या चित्रात सूर्यफूल नाही

माझी आई चित्रं काढते. कशाची, ते विचारू नका. सगळे विचारतात, आणि आई सगळ्यांना शांतपणे सांगते, "कशाचीच नाहीत." ह्या दोन शब्दांनी आमच्या घराचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळानेसुद्धा केलेलं नाही. लोक चित्रासमोर उभे राहतात, मान डावीकडे कलती करतात, मग उजवीकडे, आणि शेवटी आईच्या तब्येतीची चौकशी करून निघून जातात.

चित्र विकलं जातं वर्षातून एखादं. घर चालतं ते शिकवणीवर. आमच्या सोलबात सोसायटीच्या तळमजल्यावर एक सामायिक खोली आहे, तिथे आई अमूर्त चित्रं आणि कोलाज शिकवते. बायका येतात, कागद फाडतात, चिकटवतात, नवऱ्यांबद्दल बोलतात, परत फाडतात. नवऱ्यांचा विषय निघाला की कागद जास्त चांगले फाटतात, असं आईचं निरीक्षण आहे.

ह्या खोलीवर सोसायटीचे अध्यक्ष प्यो-काका ह्यांचा डोळा होता. त्यांना तिथे पडद्यावर खेळायचा गोल्फ बसवायचा होता. "गोल्फ आला की फ्लॅटचे भाव चढतात," ते भेटेल त्याला सांगायचे. "कागद फाडल्याने कुठे भाव चढलेले ऐकलेत?" भाव हा शब्द आमच्या सोसायटीत इतक्या आदराने उच्चारतात की बोलणारा आपोआप ताठ उभा राहतो.

शेवटी समितीने तोडगा काढला. शिकवणीतर्फे इमारतीच्या लॉबीसाठी एक मोठं चित्र करायचं. रविवारी संध्याकाळी समिती ते बघणार. इमारतीची शोभा वाढली, तर खोली आईकडे. नाहीतर गोल्फ.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ग्वांगजू शहरात आईचं चार चित्रकारांबरोबर प्रदर्शन होतं. ते लावायला तिला जाणं भागच होतं. निघताना बूट घालता घालता ती म्हणाली, "हेरिन, मी रविवारी येते. तू फक्त मोठ्या लाकडी फळ्यावर कागदाचा पाया चढवून ठेव. बाकी कशाला हात लावू नकोस."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. मी काही लहान नाही, हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिवाय नुकतंच मी शाळेत सगळ्यांसमोर उभी राहून मुख्याध्यापकांना सांगितलं होतं की जेवणाच्या रांगेत शिक्षकांनी मध्ये घुसणं बरोबर नाही. आवाज थरथरला, पण मी मेले नाही. उलट दुसऱ्या दिवशी शिक्षक रांगेत माझ्या मागे उभे होते! त्या दिवसापासून मला असं वाटायला लागलंय की जगातली बरीचशी कामं केवळ कुणी उभं राहत नाही म्हणून अडून बसलेली आहेत.

तर मी उभी राहिले. फळ्यावर जाड हानजी कागदाचे थर चढवले. हा तुतीच्या सालीचा कागद ओला असताना मऊ असतो, नुकत्याच वाफवलेल्या तांदळाच्या वडीसारखा. इथपर्यंत आईचं ऐकलं. मग मी सोसायटीच्या ऑफिसात परवानगीचं विचारायला गेले, आणि तिथे मॅनेजर यांग ह्यांनी मला नियम ऐकवला.

"लॉबीत काहीही लावायचं असेल तर इमारतीतल्या निम्म्याहून जास्त घरांची संमती पाहिजे. सह्या आण."

"पण चित्र तर समितीनेच मागितलंय ना?"

"समितीने मागितलंय. संमती रहिवाशांची लागते. दोन्ही वेगळं."

आमच्याकडे न्हाणीघराची फरशी बदलायची तरी दारोदार फिरून सह्या गोळा कराव्या लागतात. त्यामुळे दार उघडून समोर कुणी पेन घेऊन उभं दिसलं, की लोक न वाचता सही करतात आणि मग विचारतात, "आवाज किती दिवस चालणार?" हे आठवलं आणि मला एक कल्पना सुचली. आधी कागदावर सह्या घ्यायच्या, मग चित्र करायचं, असा दोनदा व्याप कशाला? सह्या चित्रावरच घ्यायच्या! इमारतीतली सगळी माणसं चित्राच्या पोटात, वर रंगीत कागदांचे थर. खाली नावं आहेत हे फक्त आपल्याला माहीत. मला स्वतःच्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की मी लिफ्टच्या आरशात स्वतःला वाकून नमस्कार केला.

फळा लिफ्टमध्ये तिरका बसत होता. मी त्याच्यामागे अडकून मजल्यामजल्यावर बाहेर पडत होते. हातात टोकदार पेन्सिल. पहिलं नाव मी माझंच लिहिलं.

सातव्या मजल्यावरच्या ग्वाक काकूंनी दार उघडलं आणि फळा खालपासून वरपर्यंत न्याहाळला. "हे कोरं आहे."

"अजून करायचंय, काकू."

"मग सूर्यफुलं काढ. दारात सूर्यफुलं असली की पैसा आत येतो. माझ्या बहिणीने लावली, तर तिच्या नवऱ्याला बढती मिळाली."

"काकू, चित्र अमूर्त आहे."

"असू दे की. अमूर्त सूर्यफुलं काढ."

काकूंनी सही अशी दाबून केली की जणू फळ्याला लस टोचत होत्या. पुढच्या दारात देवदाराचं झाड सुचवण्यात आलं. त्याच्या पुढच्या दारात दोन करकोचे. एका आजोबांनी समुद्र मागितला, पण लाटा नकोत म्हणाले, लाटा बघून त्यांना गरगरतं. चौथ्या मजल्यावर नवीन लग्न झालेल्या जोडप्यात माझ्यादेखत भांडण लागलं, कारण ती म्हणाली फिकट रंग आणि तो म्हणाला ठीक आहे, आणि तिला त्याचं "ठीक आहे" हे नेहमीचंच वाटलं. ह्या सगळ्यांना मी एकच उत्तर देत गेले, "सूर्यफूल मिळणार नाही." ज्यांनी मागितलं नव्हतं त्यांनासुद्धा.

प्यो-काकांनी सही अगदी मधोमध केली. मोठी. "अध्यक्षाची सही कोपऱ्यात शोभत नाही," ते म्हणाले.

हाम आजींनी मात्र चष्मा लावून सगळी नावं वाचली. आजी आईच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी. वय विचारलं तर दर वर्षी थोडं कमी सांगतात. "बरं केलंस," त्या म्हणाल्या, "पण रंग कुठला लावणार?"

"लाल," मी म्हटलं. "मोठा लाल तुकडा, मधोमध. आई कधीच लाल वापरत नाही. घाबरते."

आजी काहीतरी बोलणार होत्या. पण त्यांच्या कुकरची शिट्टी झाली.

शनिवारी सकाळी मी सामायिक खोलीत कामाला लागले. आईचे चांगले रंगवलेले कागद ती ग्वांगजूला घेऊन गेली होती, म्हणून मी शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून लाल हानजी आणला. इतका लाल की पिशवीतून बाहेर काढल्यावर खोलीत कुणी ओरडल्यासारखं वाटलं. तो फळ्यावर पसरला, वरून पातळ खळ सढळ हाताने फिरवली. कागदाला सुरकुत्या पडल्या. मी थांबले. मग अजून खळ लावली. मग अजून सुरकुत्या. शेवटी वैतागून सगळा कागद सोलून काढला आणि ओल्या स्पंजने फळा पुसून घेतला. वाटलं, पहिल्यापासून सुरू करू.

पण कागदाचा रंग सुटला होता. स्पंजने वरवरचा रंग निघून गेला. आणि जिथे जिथे लोकांनी पेन्सिल दाबून मऊ कागदात खाचा पाडल्या होत्या, तिथे तो जाऊन बसला. पांढऱ्या फळ्यावर एकेक नाव उमटत गेलं. स्वच्छ, रेखीव, छापल्यासारखं. लाल.

खरं सांगते, पहिला क्षण मला ते फार सुंदर दिसलं. दुसऱ्या क्षणी माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय.

आमच्या कोरियात जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहायचं नसतं. लाल नाव म्हणजे त्या माणसाला मरणाचं बोलावणं. माझ्या वर्गात मुली अवकाशयानावर निबंध लिहितात, पण कुणी लाल पेनाने नाव लिहिलं तर आठवडाभर तिच्याशी बोलत नाहीत. आणि मी तर अख्खी इमारत लिहून काढली होती. मजल्यामजल्यासकट.

नेमकं त्याच वेळी दार उघडलं आणि ग्वाक काकू सूर्यफुलांचं कॅलेंडर घेऊन आत आल्या. "हे बघ, नुसतं बघून काढलंस तरी..." त्यांचं लक्ष फळ्याकडे गेलं. त्यांनी स्वतःचं नाव शोधलं. शोधायला वेळ लागला नाही, सगळ्यात खोल खाच त्यांचीच होती.

"ए पोरी!" काकूंच्या आवाजाने नवव्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. "माझे दिवस भरवतेस की काय!"

तासाभरात जवळजवळ सगळ्या इमारतीला कळलं. आणि मग काय विचारता! त्या दिवशी सोलबात सोसायटीत जे जे काही झालं ते सगळं माझ्या अंगावर आलं. काकूंचा भाताचा कुकर बंद पडला, मी. चौथ्या मजल्यावरचा नवरा गाडीच्या परीक्षेत नापास झाला, मी. आजोबांना गरगरलं, मी. प्यो-काकांनी गच्चीवर गोल्फची काठी फिरवली आणि कमरेत लचक भरली. ते वाकडेच खोलीत आले आणि वाकडेच माझ्यावर ओरडले. वाकलेल्या माणसाचा राग निम्मा जमिनीवर सांडतो, हे मला तेव्हा कळलं.

मॅनेजर यांग ह्यांनी परिस्थिती हाताळायची ठरवली. आमच्या प्रत्येक घरात छताला एक स्पीकर आहे, तो बंद करायचं बटण नाही. त्यावरून घोषणा झाली: "रहिवाशांना कळवण्यात येते की सामायिक खोलीतील लाल नावांमुळे कुणीही घाबरून जाऊ नये." ज्यांना तोवर माहीत नव्हतं, तेही आता घाबरून खाली आले.

"सोपं आहे," यांग म्हणाले. "पांढरा रंग मारून टाकू." आणि भिंतीला लावायचा रंग आणि रोलर घेऊन आले.

"नका मारू," मी म्हटलं. "कच्चा लाल आहे. पांढऱ्यातून वर येईल."

"मुली, मी ह्या सोसायटीच्या सगळ्या भिंती रंगवून घेतल्यात."

"भिंतींवर कुणी सह्या केल्या नव्हत्या!"

त्यांनी रोलर फिरवला. फळा पांढराशुभ्र झाला. लोकांनी सुस्कारा सोडला. एकीने मला बार्लीचा चहासुद्धा दिला. मग रंग सुकायला लागला, आणि त्यातून हळूहळू, लाजत लाजत, नावं परत वर आली. गुलाबी. आणि जरा पसरलेली, त्यामुळे पहिल्यापेक्षा मोठी.

"परत आलो आम्ही!" आजोबा ओरडले आणि खाली बसले.

प्यो-काकांनी वाकूनच निकाल दिला. "बास. फळा फोडून टाका. खोली उद्यापासून गोल्फला. आणि बाई आल्या की त्यांना सांगा, मुलीला आवरा."

खरं तर इथे मी रडायला हवं होतं. डोळे तयारच होते. पण आईच्या खोलीला "गोल्फ" म्हटलेलं ऐकलं आणि माझ्या घशात आलेलं सगळं एकदम उलटं फिरलं. मी खुर्चीवर चढले. का चढले माहीत नाही, उंची कमी पडत होती एवढं खरं.

"फळ्याला कुणीही हात लावायचा नाही! लाल रंग माझा आहे, तो चुकला, ठीक आहे. पण नावं तुमची आहेत. तुम्ही लिहिलीत, तुमच्या हाताने. मी ती फोडणार नाही, रंगवणार नाही आणि त्यावर सूर्यफूल काढणार नाही! लाल झाकायचा असेल तर कागदानेच झाकला जातो, जाड कागदाने, थरावर थर. उद्या सकाळी खोली उघडी आहे. कात्री आहे, खळ आहे. ज्याला आपलं नाव झाकायचंय त्याने यावं आणि स्वतः झाकावं. दुसऱ्याचं नाव कुणी झाकायचं नाही. अपशकुन होतो!"

शेवटचं मी तिथल्या तिथे बनवलं होतं. पण तेच सगळ्यात जास्त पटलं.

रविवारी मी खोली उघडली तेव्हा बाहेर रांग होती. एवढे लोक आईच्या शिकवणीला कधी आले नव्हते. कुणी रामयन नूडल्सची पाकिटं आणली होती, कुणी तांदळाची पिशवी, कुणी जुन्या भिंतीचा कागद, कुणी किमची मुरवायच्या फ्रिजची जाहिरात. प्रत्येकाला दोन मिनिटांत काम आटोपून घरी जायचं होतं.

नवविवाहित मुलीने आपल्या नावावर निळा चौकोन लावला. जाड, सरळ. मागे सरून बघितलं. "कसं दिसतंय?"

"ठीक आहे," नवरा म्हणाला.

तिने तो ताबडतोब उपटून काढला आणि दुसरा फाडायला घेतला.

बस, तिथून सगळं बिघडलं. म्हणजे सुरू झालं. ग्वाक काकूंचा पिवळा आजोबांच्या हिरव्यावर चढला म्हणून वाद झाला. आजोबांनी हद्द दाखवली. काकू म्हणाल्या, "माझं नाव इथपर्यंत आलंय, तुम्हीच माझ्यात घुसलाय." शेवटी दोघांनी मिळून मध्ये एक राखाडी पट्टी लावली आणि ती दोघांच्याही तुकड्यांपेक्षा छान दिसली, त्यामुळे दोघंही नाराज झाले.

प्यो-काका आले ते कमरेला पट्टा बांधून. गोल्फच्या जाड कॅटलॉगमधलं हिरवंगार मैदान त्यांनी मधोमध चिकटवलं आणि निघाले.

"अध्यक्ष," हाम आजी चष्म्यावरून म्हणाल्या, "ते हिरवं बोंब मारतंय."

"कुणावर?"

"शेजारच्या निळ्यावर. बघा की, निळा बिचारा कसा आकसून बसलाय."

काका परत वळले. बघत राहिले. मान डावीकडे कलती केली. मग उजवीकडे. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ती कड... तुझ्या आईच्या चित्रात कड अशी केसाळ असते, ती कशी करतात?"

मी त्यांना कुंचला पाण्यात बुडवून दिला. हानजीवर पाण्याची रेघ ओढायची, थोडं थांबायचं आणि दोन्ही बाजूंनी हळूच ओढायचं. कागद फाटत नाही, सुटतो. धागे बाहेर येतात. काकांनी ओढलं, कागद सुटला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं परत कंबर गेली.

"अजून एक दे," ते म्हणाले.

हाम आजींनी आपल्या नावाला हातच लावला नव्हता. "माझं राहू दे," त्या म्हणाल्या. "वरच्याला एवढी घाई असती तर त्याने लाल रंगाची वाट बघितली नसती." पण दुपारी त्या उठल्या आणि नावाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला.

"घाबरलात ना, आजी?" काकू खूष झाल्या.

"घाबरले कुठे? काळ्याशेजारी गुलाबी जास्त उठून दिसतो."

माझं नाव वरच्या कोपऱ्यात उघडं होतं. मी ते झाकणार नव्हते. ह्या सगळ्यांना दाखवून द्यायचं होतं ना, की लाल नावाने कुणी मरत नाही म्हणून! तर मी पाणी बदलून येईपर्यंत ग्वाक काकूंनी कॅलेंडरमधली एक पिवळी पाकळी फाडून माझ्या नावावर थापली होती.

"काकू! दुसऱ्याचं झाकायचं नाही म्हटलं होतं!"

"गप गं. तू मेलीस तर आम्हाला शिकवणार कोण?"

संध्याकाळी समितीची वेळ झाली तेव्हा कुणी घरी गेलंच नव्हतं. मॅनेजर यांग घसा साफ करून उभे राहिले. "ठरल्याप्रमाणे, चित्र पूर्ण झालं असेल तर समितीने ते पाहावं आणि खोलीबद्दल निर्णय घ्यावा."

"पूर्ण?" ग्वाक काकू कडाडल्या. "हा कोपरा बघा, ओला आहे!"

"डावीकडे हलकं पडलंय," आजोबा म्हणाले.

प्यो-काकांच्या कोपराला कागदाचा निळा तुकडा चिकटला होता. "नियम असा आहे," ते म्हणाले, "की चित्र पूर्ण झाल्याशिवाय समिती मत देऊ शकत नाही. तोवर खोली आहे तशी राहील. पण पूर्ण झालं की नाही हे कुणीतरी जबाबदार माणसाने सांगायला पाहिजे." आणि त्यांनी दाराकडे पाहिलं.

दारात आई उभी होती. खांद्यावर पिशवी, एक बूट काढलेला, एक तसाच. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बाई, तुम्हीच सांगा. झालं का पूर्ण?"

आई तशीच, एका बुटात, फळ्यासमोर आली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. बोलणी खाताना द्यायची सगळी उत्तरं मी तयार ठेवली होती. आईने मान तिरकी केली नाही. नुसती बघत राहिली, खूप वेळ, आणि मग ओठ न हलवता फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "झालंय. मघाशीच झालंय. आता एक जरी कागद लावलात तर वाट लागेल."

मी गारठले. माझी आई चित्राबद्दल खोटं बोलत नाही. एकदा एका गिऱ्हाईकाला तिने स्वतःहून सांगितलं होतं की तुम्ही निवडलेलं चित्र फसलेलं आहे, आणि तो महिना आम्ही नूडल्सवर काढला होता. मी तिची बाही ओढली. तिने ती सोडवून घेतली आणि प्यो-काकांकडे वळली.

"छे हो, अध्यक्ष," आई म्हणाली. "अजून पुष्कळ बाकी आहे."

"मला वाटलंच!" प्यो-काकांनी लगेच कात्री उचलली. काकूंनी खळीचा डबा पुढे ओढला. आजोबा डावीकडे सरकले.

आईने कात्री त्यांच्या हातातून काढून घेतली. "आज नाही. आता ह्याला कुणी हात लावायचा नाही. काम पुढच्या रविवारपासून, दुसऱ्या फळ्यावर. ह्याच्याकडे नुसतं बघायचं."

"बघायचं? किती दिवस?"

"ते मी सांगेन," आई म्हणाली, आणि दुसरा बूट काढला.